आठवा दगड

त्या राज्यात सूर्य रोज उगवत असे, पण सकाळ त्यावरून ठरत नसे. सकाळ कासव ठरवीत असे. नदीकाठच्या चौथऱ्यावर पाण्याने भरलेले एक मोठे घंगाळ होते आणि त्यात तळाला भोक असलेली तांब्याची वाटी तरंगत असे. भोकातून पाणी शिरून वाटी बुडाली की एक घटका झाली असे कासव समजे आणि शेजारच्या काशाच्या थाळीवर टोला देई. वाटीचे भोक फार बारीक होते. त्यामुळे तिथली घटका इतर राज्यांतल्या घटकेहून बरीच लांब भरे, आणि दिवसरात्र मिळून वाटी चोवीसदाच बुडे. रहिवाशांना आपल्या लांब घटकेचा अभिमान होता.

सकाळच्या टोल्याला गोठे आणि खुराडी उघडत, संध्याकाळच्या टोल्याला सगळे घरी परतत. मधल्या काळात कोण कुठे असावे हे ठरलेले होते आणि त्यावर कुणी फारसा विचार करत नसे.

वर्षातून दोनदा मात्र घटका सरकवली जाई. फार पूर्वी एका टंचाईच्या वर्षी दिव्याला तेल उरले नव्हते. उन्हाळ्यात सकाळचा बराच उजेड आपण झोपेत घालवतो, तो संध्याकाळी वापरता आला तर बरे, असे तेव्हा कुणीतरी म्हणाले. उजेड उचलून इकडचा तिकडे ठेवता येईना, म्हणून घटका उचलायचे ठरले. तेव्हापासून फाल्गुनातल्या एका दिवशी कासव सगळ्यांसमक्ष तरंगती वाटी बुडण्याआधीच बाहेर काढी आणि ती बुडाली असे धरून टोला देई. वाटीत शिरायचे राहिलेले पाणी मोजून एका मडक्यात भरत, तोंडाला फडके बांधत, वर लाखेची मोहोर करत. ते मडके उन्हाळाभर दरबारच्या फडताळात राही. आश्विनात मोहोर फोडून कासव ते पाणी वाटीत ओती, ती वाटी मोजणीत धरत नसे, आणि अशा रीतीने राज्याला आपली घटका परत मिळे. टंचाई केव्हाच सरली होती. तेलाचे बुधले भरलेले होते. मडके दरवर्षी भरत राहिले.

या दोन दिवसांनंतर आठवडाभर राज्याचे काही खरे नसे. गाई पान्हा चोरत. बैल अर्धे लवकर निघत आणि अर्धे उशिरा, मग वेशीत शिंगात शिंगे अडकत. कोंबडा भलत्या वेळी आरवे आणि दिवसभर तोंड लपवून बसे. एका फाल्गुनात तर गाढव झोपेतच चालत निघाले आणि पाठीवरच्या ओझ्यासकट विहिरीत पडले. त्याला बाहेर काढायला दोन दिवस लागले. बाहेर आल्यावर त्याने पहिली गोष्ट विचारली ती ही, की आता किती वाजले. त्यावर दोन मते पडली.

तेव्हा दरबाराने ठराव केला की घटका सरकवणे कायमचे बंद. ठराव एकमताने झाला. त्या राज्यात एकमताने झालेला तो पहिलाच ठराव असल्याने तीन दिवस गूळ वाटण्यात आला. चौथ्या दिवशी बगळ्याने विचारले, की बंद म्हणजे नेमके कुठे बंद? घटका मडक्यात असताना बंद करायचे की वाटीत परत आल्यावर?

त्या दिवसापासून राज्यात मडकेवाले आणि वाटीवाले असे दोन पक्ष झाले.

मडकेवाल्यांत माकडे पुढे होती. संध्याकाळच्या टोल्यानंतर वडाखाली बाजार भरे तो त्यांचा. घटका मडक्यात राहिली की टोल्यानंतर उजेड अधिक उरतो, आणि उजेडात गिऱ्हाईक थांबते, असे त्यांचे साधे म्हणणे होते. मोर त्यांच्याच बाजूने होता, कारण तो नाचे संध्याकाळी आणि अंधारात नाचण्यात त्याला रस नव्हता. वाटीवाल्यांचा पुढारी कोंबडा. सावली पायाखाली येते तीच दुपार, तिला कुणी मडक्यात घालू शकत नाही, असे तो खुराड्यावर उभा राहून सांगे. माकडे म्हणत की दुपार पायाखाली आल्याने आजवर कुणाचे पोट भरलेले नाही. घुबडाने न बोलावता वाटीवाल्यांना पाठिंबा दिला, कारण अंधार लवकर पडला की त्याला उंदीर लवकर मिळत. त्याला सभेत मागे बसायला सांगण्यात आले.

बगळा राज्याचा पंडित होता. तो एका पायावर उभा राहून मडक्याचे फायदे सांगे. पाय अवघडला की बदले आणि वाटीचे फायदे सांगे. दोन्ही पक्ष त्याचे दाखले देत.

निकाल द्यायचा होता हत्तिणीने. तिला सगळे बाईसाहेब म्हणत. ती न्यायी होती आणि कुणाचेही म्हणणे अर्ध्यावर तोडत नसे. फक्त ती सकाळच्या टोल्यानंतर तीन वाट्या बुडाल्या की उठे, आणि दरबार दुपारी भरे. सकाळचा टोला पडतो तेव्हा बाहेर कसे दिसते हे दरबारातल्या कुणीही कित्येक वर्षांत पाहिलेले नव्हते.

ज्यांनी ते रोज पाहिले होते त्यांत कवडी नावाची एक शेळी होती. अंगावर पांढरे ठिपके, म्हणून कवडी. तिला दोन जुळी करडे होती, मणी आणि पोवळी. नदीच्या पलीकडे एक बेट होते आणि कोवळे गवत फक्त तिथे होते. करडांनी आणि कोकरांनी आधी जावे, मोठ्यांनी मागून, असा नियम होता. बेटावर जायला नदीत एक उतार होता आणि त्या उतारात पाण्याबाहेर डोकावणारे सात दगड होते. दगडावरून दगडावर उडी मारत पलीकडे जायचे.

प्रत्येक शेळी आपल्या पिलाला चालण्याच्या आधी मोजायला शिकवी. काठावर उभे राहायचे आणि दगड मोजायचे. सात भरले तर निघायचे. आठ भरले तर थांबायचे, कारण आठवा दगड म्हणजे मगर. ती दगडांच्या ओळीत पाठ वर काढून पडून राही आणि दिसायला अगदी दगडासारखी होती. आठ भरले की सगळे काठावर बसून राहत. कंटाळून मगर बुडी मारी, पुन्हा मोजले की सात भरत, आणि सगळे पार जात. हे पिढ्यान्‌पिढ्या चालत आले होते. मगरीचेही त्यावर कसेबसे भागत होते.

मणी भराभर मोजे. पोवळी मोजताना नेहमी सहा गाळी. पाच झाले की ती एकदम सात म्हणे, त्यामुळे तिचे रोज आठच भरत आणि रोज ती काठावर पाय रोवून बसे. मग कवडी तिच्याजवळ जाऊन एकेक दगड दाखवत पुन्हा मोजून घेई. मागचे सगळे खोळंबत. कवडीला त्याची लाज वाटे, पण मनातून तिला पोवळीचे हे अडून बसणे आवडतही असे.

घटकेचा वाद ऐकून कवडी एका दुपारी दरबारात गेली. तो वैशाख होता. घटका मडक्यात होती आणि बाहेर अंगणात ऊन रणरणत होते. आपल्याला घटकेतले काही कळत नाही, असे तिने आधीच सांगून टाकले. तिचा प्रश्न एवढाच होता.

“पौषात लेकरं पाण्यात पाय घालतील, तेव्हा दगड दिसतील का?”

दरबारात थोडी चुळबुळ झाली. बगळा म्हणाला, की हा प्रश्न दगडांचा आहे, घटकेचा नाही, आणि दगडांचा विषय आजच्या कामात नाही. एक माकड म्हणाले, की पौषाला अजून खूप अवकाश आहे. बाईसाहेब मात्र न्यायी होत्या. उताराचा प्रश्न निघालाच आहे तर उतारावरच्या सगळ्यात जुन्या रहिवाशाला विचारावे, असे त्यांनी सुचवले. मगरीला बोलावण्यात आले. ती सावकाश आली आणि दाराशीच बसली.

“मला दोन्ही चालतील,” मगर म्हणाली. “फक्त एकदा काय ते ठरवा आणि मग बदलू नका. लेकरांची वेळ नेमकी असलेली बरी.”

इतका निःपक्षपाती विचार त्या वादात पहिल्यांदाच ऐकू आला होता. दोन्ही पक्षांनी माना डोलावल्या. घटका सध्या मडक्यातच आहे, ती तिथेच राहू दिली तर कुणालाच काही करावे लागणार नाही, हेही सगळ्यांना पटले. बाईसाहेबांनी सोंड उचलली. मडक्यावर लाखेची दुसरी मोहोर झाली आणि ‘घटका यापुढे सरकणार नाही’ असे चौथऱ्यावर कोरण्यात आले.

तो उन्हाळा फार चांगला गेला, हे सांगितलेच पाहिजे. टोल्यानंतर उजेड रेंगाळे, बाजारात गर्दी असे, मोर दोन-दोनदा नाचे. मणी आणि पोवळी अंधार पडेपर्यंत चौथऱ्याभोवती शिवाशिवी खेळत. कवडीलाही वाटले की आपण उगाच घाबरलो.

आश्विन आला आणि मडके फडताळातून निघाले नाही. कार्तिकात टोला पडे तेव्हा नदी राखाडी दिसे. मार्गशीर्षात ती दिसेनाशी झाली आणि फक्त ऐकू येऊ लागली. पौषात वर धुकेही आले. सकाळचा टोला आता काळ्याकुट्ट अंधारात पडू लागला. लेकरांची वेळ नेमकी राहावी म्हणून काठावर आता बगळा हजेरीपट घेऊन उभा असे. टोल्याला जो निघाला नाही त्याचा खाडा पडे, आणि सलग तीन खाडे झाले की बेटावरचे नाव कटे. नाव कटलेल्याने अलीकडच्या काठावर बाभळीचा पाला खावा, असा नियम होता.

एका सकाळी टोला पडला आणि करडे काठावर आली. पोवळीने मान पुढे काढून मोजले. तिचे डोळे कोवळे होते, तिला काहीबाही दिसत असावे.

“आठ,” ती म्हणाली आणि पाय रोवून बसली.

कवडीला तिसऱ्या दगडापुढे काही दिसत नव्हते. मागे कोकरे खोळंबली होती, बगळा पट उघडून उभा होता, आणि आदल्या दोन दिवसांचे दोन खाडे पोवळीच्या नावावर आधीच होते.

“सहा गाळलंस बघ,” कवडी म्हणाली. “चल.” आणि तिने तिला डोक्याने हलकेच पुढे ढकलले.

पोवळी चार दगड नीट गेली. पाचव्यावरून पुढे तिने उडी मारली त्याचा आवाज आला. त्यानंतर नुसते पाणी वाजत राहिले. त्या सकाळी पोवळीने सहा गाळले नव्हते.

दरबाराने चौकशी केली. टोला वेळेवर पडला होता, करडू वेळेवर निघाले होते, उतारही जागेवर होता. व्यवस्थेत कुठे चूक सापडली नाही. तरीही काळजी म्हणून असे ठरले, की करडांच्या आणि कोकरांच्या कपाळाला चुन्याचा ठळक पांढरा पट्टा ओढावा, म्हणजे ती अंधारात लांबून दिसतील. चुना दरबारातून मिळाला. मगरीने या उपायाचे स्वागत केले. पुढच्या आठवड्यात आणखी दोन कोकरे गेली.

कवडीला आधी दुःख झाले आणि राग बऱ्याच दिवसांनी आला. दुःख असे होते की ती उभ्या उभ्या ‘चल’ म्हणे आणि मग आपलाच आवाज ऐकून दचके. मणी तिच्या पोटाला चिकटून राही. एकदा तिने आईला विचारले, की मीसुद्धा सहा गाळू का, म्हणजे रोज आठच भरतील. कवडीने तिला चाटून काढले. त्या दिवशी तिला राग आला.

भर दुपारी दरबार पेंगत असताना ती आत शिरली, फडताळातल्या मडक्याच्या फडक्याची गाठ दातात धरली आणि चालू लागली. कुणी अडवले नाही. शेळी मडके कशाला नेईल, असे पहारेकरी कुत्र्याला वाटले. चौथऱ्यावर येऊन तिने ते कासवापुढे ठेवले.

“घटका आणलीय, कासवबुवा,” ती म्हणाली. “वाटीत ओता.”

कासवाने मडक्याकडे पाहिले आणि मान आखडली. कवडीने शिंगाने मोहोर फोडली आणि मडके घंगाळावर उपडे केले. त्यातून काही पडले नाही. आत तळाशी पांढरा वाळका डाग होता आणि एक मेलेली माशी.

“दर आश्विनात ते कोरडंच निघतं,” कासव म्हणाले. “कच्चं मडकं, उन्हाळ्यात पाझरतं. मी आदल्या रात्री मोहोर काढून नदीचं पाणी भरायचो आणि नवी मोहोर करायचो.”

“मग घटका कुठं असायची?”

“कुठंच नाही, बाई. मी टोला उशिरा द्यायचो, एवढंच.”

सगळ्या राज्याने इतकी वर्षे लाखेची मोहोर लावून काय सांभाळले होते, ते कवडीच्या पुढ्यात उपडे पडले होते. मग ती म्हणाली, की तर मग उद्यापासून द्या उशिरा. कासव म्हणाले, हुकूम नाही. आपले सगळे आयुष्य हुकमाप्रमाणे गेले आहे आणि या वयात दुसरे काही जमणार नाही, हेही त्याने सांगितले. त्याला लाज वाटली असावी, कारण त्याने मान पूर्ण आत घेतली. कवडी जायला वळली तेव्हा कवचातून बारीक आवाज आला.

“टोला देणं माझं काम. निघणं तुमचं.”

दुसऱ्या सकाळी टोला पडला. कवडी काठावर बसली होती आणि मणी तिच्या पुढच्या दोन पायांत. दोघी उठल्या नाहीत. बगळ्याने नाव पुकारले, पुन्हा पुकारले आणि खाडा मांडला. बाकीची करडे कपाळाला चुना लावून अंधारात उतरली. त्या दिवशी सगळी पार पोचली, आणि कवडीला वेड लागले आहे असे बेटावर बोलले गेले. ती मात्र उजाडेपर्यंत बसून राहिली, दगड मोजले, सात भरल्यावर मणीला घेऊन पार गेली.

असे बसण्याच्या तिसऱ्या दिवशी तिच्यासोबत बसलेल्या शेळ्या नऊ होत्या, आणि ज्यांची कोकरे गेली होती त्या दोन्ही मेंढ्या. मणीचा तिसरा खाडा पडला. नाव कटणार हे कवडीला माहीत होते. पलीकडे गवत होते, अलीकडे बाभळ होती, आणि थंडी अजून महिनाभर बाकी होती. तिला भीती वाटत होती. ती उठली नाही.

हळूहळू उजाडले आणि धुके वर सरकले. मणीने मोजले. आठ भरले. सगळ्यांनी मिळून पुन्हा मोजले, पुन्हा आठ. सहावा दगड त्यांच्याकडे डोळे उघडून पाहत होता. ऊन अंगावर येईपर्यंत तो पाहत राहिला, मग डोळे मिटून पाण्याखाली गेला. मणीने सात मोजले आणि पहिली उडी मारली.

आठवडाभरात सगळ्या शेळ्यांचे आणि मेंढ्यांचे तीन तीन खाडे भरले. सगळ्यांचीच नावे कापली तर पटावर काही उरत नाही, हे बगळ्याने दोन्ही पायांवरून सांगितले. बाईसाहेबांनी मार्ग काढला. नियम कायम राहील, पण शेळ्यामेंढ्यांना तात्पुरती सवलत म्हणून टोल्यानंतर एक वाटी बुडेपर्यंत थांबता येईल. मग गाईंनी तीच सवलत मागितली. बैलांनी गाईंकडे बोट दाखवले. कोंबड्याने मागितली नाही, कारण तो कधी लवकर उठलेलाच नव्हता. माघ संपायच्या आत राज्यातला प्रत्येक जण सवलतीत होता. सगळे एक वाटी उशिरा निघत आणि एक वाटी उशिरा परतत.

त्यामुळे संध्याकाळचा उजेड पुन्हा कमी पडू लागला. माकडांनी अर्ज केला की आणखी एक घटका मडक्यात घालावी. याला सरकवणे म्हणायचे नाही, असे बगळ्याने पाय बदलून स्पष्ट केले, आणि अर्ज मंजूर झाला. फडताळात आता दोन मडकी आहेत, जुनेही परत आले आहे, आणि दोन्हींवर मोहोर आहे. सवलतही दोन वाट्यांची झाली आहे.

पुन्हा पौष आला आहे. कासव हुकमाप्रमाणे उठते, थाळीपाशी जाते आणि गच्च अंधारात टोला देते. गोठ्यांतून कुणी हलत नाही. कवडी कूस बदलते, मणी तिच्या एका अंगाला असते, दुसऱ्या अंगाला तिने अजून जागा सोडलेली असते. काठावर बगळा पट उघडून नावे पुकारतो आणि प्रत्येक नावापुढे सवलत मांडतो. शेवटचे नाव पुकारले की उतारात पाणी थोडेसे हलते, आणि सात दगडांच्या ओळीत एक दगड येऊन थांबतो. बगळा त्याच्यापुढे हजर अशी खूण करतो आणि पट मिटतो.